मुन्सिफची अनुक्रमणिका

"एक पान हो, सी मुन्सिफ, एकच पान! अठरा ओळी लिहायच्या, कडेला जराशी वेलबुट्टी काढायची, की संपलं. तुमच्या अक्षराला त्यात काय अवघड आहे?" असं म्हणत हमादी औषधवाल्याने काउंटरपलीकडून रक्तदाबाच्या गोळ्यांसोबत कागदांची एक जाडजूड चवड मुन्सिफच्या हातात कोंबली. रक्तदाब आणि त्याच्या गोळ्या एकाच पिशवीतून घरी नेणारा मुन्सिफ हा आमच्या तेस्तूर गावातला पहिलाच माणूस असावा.

हमादी हा आमच्या मालूफ मंडळाचा अध्यक्ष, आणि 'सी' म्हणजे आमच्याकडचं 'राव'. मालूफ म्हणजे पूर्वजांनी समुद्रापलीकडच्या अंदलूसातून निघताना बरोबर आणलेलं गाणं, हे तेस्तूरचा माणूस परक्याला पहिल्या पाच मिनिटांत ऐकवतोच, तेव्हा मीही ऐकवून मोकळा होतो. मंडळाला चाळीस वर्षं झाली म्हणून उन्हाळ्याच्या जलशाला गाण्यावरचा एक अंक काढायचं ठरलं होतं. लेख आले होते, फोटो आले होते, गेल्या जलशाला दांडी मारलेल्यांचेसुद्धा फोटो आले होते. राहिली होती ती फक्त अनुक्रमणिका. आणि अक्षर म्हटलं की गावात एकच नाव. मुन्सिफने नगरपालिकेत चौतीस वर्षं जन्ममृत्यूच्या नोंदी केल्या. गावातली निम्मी माणसं त्याच्या अक्षरात जन्मली आणि बरीचशी त्याच्याच अक्षरात वारली, पण अक्षराबद्दल दोन्हीकडून कधी तक्रार आली नाही.

खरं सांगायचं तर मुन्सिफला हे काम हवंच होतं. तो मंडळाचा सगळ्यात जुना सभासद आणि सगळ्यात मागे बसणारा. चाळीस वर्षांपूर्वी मंडळाचे गुरू शेख तिजानी यांनी त्याचा आवाज ऐकला, डोळे मिटले, बराच वेळ मिटलेलेच ठेवले, आणि मग त्याच्या हातात डफ देऊन त्याला शेवटच्या रांगेत दाराजवळ बसवलं. तेव्हापासून तो तिथेच आहे. शेख बाकीच्यांना सोलून काढत, तालमीत रडवत, क्वचित कोणाला "ठीक" असंही म्हणत. मुन्सिफला मात्र चाळीस वर्षांत बरं नाही की वाईट नाही. आता शेख शहाऐंशीचे झाले होते. नजर भिंगापुरती उरली होती आणि कानही निघायच्या तयारीत होते. ते आहेत तोवर त्यांच्या तोंडून एकदा "शाब्बास" ऐकावं, एवढी एकच हाव त्या गरीब माणसाच्या पोटात होती. गळ्याने जमलं नाही ते बोरूने जमेल, असं त्याला वाटलं.

घरी येऊन त्याने बोरू तासला, शाई घोटली आणि पानांचे आकडे विचारायला शेजारच्या बेजा गावच्या छापखान्यात फोन लावला.

"आकडे कुठून सांगू? पानं लावलीच नाहीत अजून," छापखान्याची मालकीण सिहेम म्हणाली. "तुम्ही अनुक्रमणिका पाठवा, त्या क्रमाने मी पानं लावते."

"म्हणजे कोण पहिलं आणि कोण शेवटी, हे मी ठरवायचं?"

"मग काय मी ठरवू? मी बेजाची आहे, मला सुखाने जगायचंय," असं म्हणून तिने फोन ठेवला.

मुन्सिफ म्हणजे न्याय करणारा. बापाने नाव ठेवलं तेव्हा ते एवढं अंगावर येईल असं कोणाला वाटलं नसेल. त्यात त्याच्या बायकोचं नाव वसीला! आता मुन्सफाच्याच घरात वशिला नांदत असल्यावर न्याय मागायला पुढच्या दाराने कोण येणार? सगळ्या गावाने स्वयंपाकघराचं दार धरलं. दोन दिवसांत तिच्या ओट्यावर ताज्या चीजच्या तीन टोपल्या, डाळिंबाच्या पाकाच्या दोन बाटल्या आणि मोगऱ्याचे इतके गुच्छ जमले, की शेजारच्या म्हातारीने घरात कोणाचं लग्न ठरलं का म्हणून चौकशी केली.

"घेऊ नकोस गं! लाच आहे ती!" मुन्सिफ कळवळून म्हणाला.

"अहो मुन्सफसाहेब," वसीला चीजचा तुकडा मोडत म्हणाली, "लाच तुम्हाला असते. मला हा शेजारधर्म आहे. खाऊन बघा, छान खारवलंय."

त्याने खाल्लं. पण मान वळवून खाल्लं, एवढं त्याच्या बाजूने नोंदवून ठेवायला हवं.

मग तो सल्ला घ्यायला लामीन न्हाव्याकडे गेला. लामीनचं दुकान मशिदीसमोर आहे. आमच्या मशिदीच्या मनोऱ्यावरच्या घड्याळाचे काटे उलटे फिरतात, ते लामीनच्या आरशात सुलटे फिरताना दिसतात, आणि त्यामुळे या गावात सगळ्या गोष्टी सरळ दिसणारा आपण एकटेच, असा त्याचा पक्का समज आहे.

"वर्णमालेप्रमाणे लाव," मुन्सिफच्या गालाला साबण फासत लामीन म्हणाला. "अलीफ, बा, ता. अक्षरांशी कोण भांडणार आहे?"

मुन्सिफला हे एकदम पटलं. शेख तिजानींचा ता तिसराच असल्यामुळे ते आपोआप पहिले येत होते आणि हमादीचा हा त्यांच्यामागून. पण संध्याकाळी हमादी दुकान बंद करून तडक घरी आला.

"सी मुन्सिफ, आपण आधुनिक माणसं आहोत. वर्णमाला लावायची तर फ्रेंच लावा."

"फ्रेंच का?"

"जगात तीच चालते म्हणून. फ्रेंचमध्ये हमादी पहिला येतो, हा निव्वळ योगायोग आहे."

दुसऱ्या दिवशी लल्ला जुबैदा आली, लल्ला म्हणजे आमच्याकडे बाईसाहेब. ही मंडळाची मुख्य गायिका आणि मुलींच्या शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका, त्यामुळे ती आली की माणसं आपोआप उठून उभी राहतात. "मी ऐकलं ते खरं का?" तिने विचारलं. "माझं नाव 'झेड'चं म्हणून अरबी लावा की फ्रेंच लावा, दोन्हीकडून मी शेवटी?"

"मग वयाप्रमाणे लावू या का, लल्ला?" मुन्सिफ घाईघाईने म्हणाला.

"लावा ना. माझं वय बावन्न."

ती गेली नऊ वर्षं बावन्नच होती. तिच्या जन्माची नोंद ज्या वहीत आहे, त्या वहीवर मुन्सिफ चौतीस वर्षं बसलेला, आणि हे त्याला माहीत आहे हे तिलाही माहीत. तिने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. वयाची कल्पना त्याने तिथल्या तिथे मागे घेतली आणि माफीही मागितली, ती कशाबद्दल हे दोघांनीही बोलून दाखवलं नाही.

एवढ्यात कचेरीचं प्रकरण उपटलं. अंक छापायला तालुक्याच्या कचेरीचा शिक्का लागतो. तिथला कारकून म्हणाला, अर्जासोबत पानांच्या आकड्यांसह अनुक्रमणिका जोडा. सिहेम म्हणाली, शिक्का आल्याशिवाय मी पानाला आकडा घालत नाही. कारकून म्हणाला, आकड्याशिवाय शिक्का मारला तर माझी नोकरी जाईल. मुन्सिफने आयुष्यभर लोकांना असंच फिरवलं होतं, पण स्वतः फिरताना पाय दुखतात हे त्याला निवृत्तीनंतर कळलं. शेवटी त्याने कारकुनाला विचारलं, "बाळा, तुझा जन्म इथलाच ना?" कारकून हो म्हणाला. "मग तुझं नाव मीच लिहिलंय. बापाने सांगितलेलं स्पेलिंग चुकीचं होतं, ते मी तिथल्या तिथे सुधारून घेतलं, नाहीतर तुला जन्मभर शाळेत चिडवलं असतं." कारकुनाने थोडा विचार केला आणि शिक्का मारला. फक्त एक अट घातली, की साहेबांनी पाठवलेले दोन शब्द अंकात असलेच पाहिजेत. ते दोन शब्द नऊ पानं होते.

क्रम काही ठरेना, म्हणून मुन्सिफने निदान नक्षी तरी काढायला घेतली. चारी बाजूंनी डाळिंबाची वेल, आणि वर मधोमध एक ऊद, म्हणजे मालूफचं मुख्य तंतुवाद्य. समोर ऊद नव्हता, म्हणून स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवरचा बघून काढला. चित्र खरोखर सुरेख उतरलं. मग मंडळाचा ऊदवाला रिधा आला, चांगला एकशेदहा किलोचा माणूस, खुर्चीत बसला की खुर्चीचाच जीव जातो असा. त्याने चित्र पाहिलं आणि खुंट्या मोजल्या.

"अकरा?" तो म्हणाला. "अकरा खुंट्या? सी मुन्सिफ, हा कैरोचा ऊद आहे! आपल्या ऊदाला आठ असतात, आठ! मालूफच्या अंकावर कैरोचा ऊद? उद्या लोक आपल्याला काय म्हणतील?"

मुन्सिफने तीन खुंट्या पात्याने खरवडल्या. तिथे कागद विरला आणि ऊदाला कसर लागल्यासारखी दिसायला लागली. मग कसर झाकायला डाळिंबं मोठी केली. मग डाळिंबं एवढी झाली की मजकुराला जागा उरेना. रात्री जेवताना तो कुसकुसच्या ताटाकडे बघत म्हणाला, "वसीला, मी नगरपालिकेत बरा होतो. माणसं जन्मायची त्या क्रमाने लिहायचो. कोणी मला वर घ्या असं म्हणत नव्हतं."

तेव्हा वसीला जे बोलली, ते ती सहज बोलली, घास घेता घेता. "अहो, नूबा गाताना कोणी भांडतं का, मी आधी का आणि मी नंतर का म्हणून?"

मुन्सिफचा घास हातातच राहिला. नूबा म्हणजे आमच्या मालूफची संपूर्ण मैफल. तिचे भाग ठरलेले. आधी इस्तिफ्ताह, त्यात सगळे नुसतेच सूर लावत असतात. मग संथ चाली, मग चढती लय, बरवल, मग खफीफ, आणि सगळ्यात शेवटी खतम. शतकानुशतकं हा क्रम कोणी बदललेला नाही. अनुक्रमणिका नूबेसारखीच लावायची! त्याने तिथल्या तिथे उष्ट्या हाताने बायकोच्या डोक्यावरून हात फिरवला, त्याबद्दल बोलणी खाल्ली, आणि कोरा कागद घेतला.

सकाळपर्यंत पान तयार झालं. साहेबांचे नऊ पानी दोन शब्द इस्तिफ्ताहात, कारण तेव्हा तसंही कोणी ऐकत नसतं. हमादीचा मंडळाच्या इतिहासावरचा लेख संथ भागात, तो संथच होता. जुबैदाच्या आठवणी बरवलमध्ये, ठेक्यात आणि तोऱ्यात. आणि शेख तिजानींनी मुलीला सांगून लिहवलेला लेख, ज्यात त्यांच्या गुरूंपासूनची सगळी परंपरा होती, तो शेवटी, एकटा, मोठ्या अक्षरात, खतमखाली. संपूर्ण नूबा ज्या जागेकडे चालत जाते ती ही जागा. याहून मोठा मान मुन्सिफला सुचत नव्हता. पान हातात धरून तो स्वतःशीच हसला. मग ते वाळवायला म्हणून, म्हणजे खरं तर दाखवायला म्हणून, लामीनच्या दुकानात नेऊन आरशाशेजारी टांगलं.

तीच चूक झाली.

खफीफ म्हणजे हलकं. रिधाचा खुंट्यांवरचा लेख खफीफखाली होता. दुपारपर्यंत सगळं कॅफे त्याला "या हलकेराव, या!" म्हणून हाका मारत होतं, आणि एक जण तर त्याला बसायला स्टूल घेऊन आला. रिधाने आयुष्यात पहिल्यांदा चहा अर्धा टाकला आणि तो उठून गेला.

पण ते काहीच नव्हे. दाढीला आलेला एक माणूस पान वाचून बाहेर पडला आणि त्याने दुसऱ्याला सांगितलं, "मुन्सिफने शेखना खतममध्ये घातलंय." दुसऱ्याने तिसऱ्याला सांगितलं, "मुन्सिफने शेखना खतम केलंय." संध्याकाळी भाजीबाजारात दोन बायकांनी वसीलाला गाठून विचारलं, दफन किती वाजता?

वसीलाने त्याच दिवशी शेखच्या घरी खजूर भरलेल्या मक्रूद मिठाईची ताटली पाठवली होती. दुसऱ्या दिवशी ताटली परत आली. रिकामी. धुतलेली, पुसलेली आणि रिकामी! आमच्याकडे शेजाऱ्याची ताटली रिकामी परत करत नाहीत, काही नसलं तर मूठभर साखर तरी घालतात. वसीला ती ताटली दोन्ही हातांत धरून बराच वेळ उभी राहिली. मुन्सिफ खुर्चीत बसला, तो उठेचना.

गुरुवारच्या तालमीला शेख आले नाहीत. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. आठ दिवसांवर जलसा, आणि खतम उचलतात ते शेखच. ते सूर टाकतात आणि मग मागून सगळा ताफा येतो. हमादीने सुरुवात करून पाहिली, तेव्हा बाहेर गाढव ओरडलं आणि सगळ्यांनी त्याच्याचकडे बघितलं.

"सी मुन्सिफ, तुम्ही त्यांना दुखावलंत," हमादी नंतर म्हणाला. तो रागावून बोलला असता तर परवडलं असतं, पण तो हळू आवाजात बोलला. "त्यांचं नाव वर घ्या, पहिल्या ओळीत. मी माझं खाली घेतो. कुठेही घ्या मला. त्यांना परत आणा."

त्या रात्री मुन्सिफने दुसरं पान लिहिलं. शेख सगळ्यात वर. नूबा गेली खड्ड्यात. अक्षर तेच होतं, पण ओळी रडक्या आल्या. शुक्रवारी नमाज झाल्यावर दोन्ही पानं फायलीत घालून तो शेखच्या दारात उभा राहिला. वसीलाने सांगितलं होतं, वरचं पान दाखवा, खालचं काढूच नका. तेही त्याला पटलं होतं.

शेखची मुलगी नफीसा दार उघडून बाजूला झाली. शेख अंगणात चटईवर भिंतीला टेकून बसले होते, अंगात घरातलाच जुना जुब्बा. मुन्सिफने वाकून त्यांच्या खांद्याचं चुंबन घेतलं.

"कोण?"

"मुन्सिफ, सीदी."

"आलास का," शेख म्हणाले. "रिकामी ताटली पाठवली तेव्हा कुठे आलास. नफीसा म्हणत होती, बाबा, असं बरं दिसत नाही. मी म्हटलं, भरून पाठवली तर तो आभार मानून घरीच बसेल. बस. ते पान आणलंयस ना? वाच."

मुन्सिफने भिंग पुढे केलं.

"भिंग नको. वाच."

त्याने फाईल उघडली. वर शेखना पहिलं घातलेलं पान होतं. ते त्याने हातात घेतलं, तोंड उघडलं, आणि काही केल्या त्याच्याने वाचवेना. ज्या माणसाने नूबा शिकवली, त्याच्यापुढे मोडकी नूबा कशी वाचायची? ते पान त्याने खाली ठेवलं, पहिलं काढलं आणि वाचायला लागला. इस्तिफ्ताह. संथ भाग. बरवल. शेखची बोटं गुडघ्यावर हलायला लागली होती. खफीफ. आणि मग, "खतम. शेख तिजानी."

बोटं थांबली.

"हा क्रम कोणी लावला?"

"मी, सीदी. लोक काहीही म्हणोत, मला वाटलं, खतम म्हणजे..."

"खतम म्हणजे काय ते तू मला सांगू नकोस," शेख म्हणाले. "क्रम बरोबर आहे. पण मूर्खा, खतम एकट्याने म्हणतात का? चाळीस वर्षं बसून एवढंच कळलं तुला? मला एकट्याला उभं केलंस तिथे! मी सूर टाकायचा आणि मागून कोणीच यायचं नाही? परवापासून त्याच विचाराने झोप नाही मला. घे बोरू. लिही, सगळे."

"सगळे कोण, सीदी?"

"खतम म्हणणारे."

मुन्सिफने चटईवर मांडी घालून लिहायला घेतलं. मंडळातली एकतीस माणसं लिहून झाली, पण शेख थांबेनात. "सालेम सुतार," ते म्हणाले. "ब्राहीम टोपीवाला."

"सीदी," मुन्सिफ हळूच म्हणाला, "सालेम गेला. त्याच्या मृत्यूची नोंद मीच केलीय."

"ती तुझ्या कचेरीत. माझ्याकडे झालेली नाही. लिही."

त्याने लिहिलं. ब्राहीम लिहिला, रबाब वाजवणारा बेशीर लिहिला, पुरात गेलेले दोघे भाऊ लिहिले. डाळिंबांच्या मधून नावं गेली, समास ओलांडून गेली, पानाच्या पाठीवर गेली. सिहेम आपल्याला जिवंत सोडणार नाही हे त्याला दिसत होतं, पण हात थांबत नव्हता. नफीसा चहा ठेवून गेली, आणि आपल्या आईचं नाव आल्यावर परत येऊन दाराशी उभी राहिली.

"झाले?" शेखनी विचारलं.

"झाले, सीदी. त्रेचाळीस."

"एक कमी आहे. डफवाला."

मुन्सिफने बोरू खाली ठेवला. मग म्हणाला, "मी काही लेख लिहिलेला नाही, सीदी. आणि गाण्यातही मी कधी... तुम्ही मला चाळीस वर्षांत कधी काही बोलला नाहीत. चांगलं नाही, वाईट नाही."

शेखनी त्याच्या आवाजाच्या दिशेने मान वळवली. त्यांना खरंच नवल वाटलेलं दिसलं. "काय बोलायचं होतं? चुकणाऱ्याला बोलतात. तू कधी चुकलास? मला आता पुढच्यांचं गाणं नीट ऐकू येत नाही, दोन वर्षं झाली. मागून डफ येतो तेवढा ऐकू येतो. त्याला धरून मी खतम उचलतो. हमादीला सांगू नकोस, घाबरेल."

मुन्सिफला काही दिसेनासं झालं. त्याने बोरू शाईत बुडवायला नेला, तो दौतीबाहेर चटईवरच टेकला.

"कुठे लिहू, सीदी? शेवटी?"

"माझ्या शेजारी लिही. जवळ असलेला बरा."

पंधरा दिवस सगळ्या गावाच्या जागा लावून दमलेल्या त्या माणसाने शेख तिजानींच्या नावाशेजारी स्वतःचं नाव लिहिलं. आयुष्यात त्याने लिहिलेलं ते सगळ्यात वाईट अक्षर होतं.

"आता वाच," शेख म्हणाले, आणि त्यांनी गुडघ्यावर बोटं धरली.

मुन्सिफ वाचायला लागला. इस्तिफ्ताहपासून बरवलपर्यंत नीट गेला, खफीफही निभावलं. खतमला आला, शेखचं नाव घेतलं, आणि त्याच्या शेजारच्या नावावर त्याचा आवाज फुटला आणि तो थांबला.

शेखचा हात हवेत राहिला. मग त्यांच्या तोंडभर समाधान पसरलं.

"चुकलास," ते म्हणाले. "चाळीस वर्षांत पहिल्यांदा चुकलास. श्वास घे. पुन्हा पहिल्यापासून."

मुन्सिफने बाहीने डोळे पुसले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.